यंत्रामागची बाटली

प्रयोगशाळेत न्यूट्रॉन मोजणारं यंत्र तिसऱ्यांदा जास्त आकडा दाखवत होतं. याच मोजणीवरून लोकांचे किरणोत्सर्गाचे मीटर तपासायचे, म्हणजे आमचं चुकलं की सगळ्यांचं चुकलं. मी सोबत काम करणाऱ्या मैत्रिणीवर खेकसलो, "अंतर नीट मोजलंस ना?" तिने न्यूट्रॉन सोडणारा स्रोत खाली त्याच्या सुरक्षित खड्ड्यात उतरवला, आत खोलीत जाऊन त्याच्या जागेपासून यंत्रापर्यंत पुन्हा टेप लावली. अंतर बरोबर होतं. मग तिने यंत्रामागच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. तिथे माझी पाण्याची बाटली होती. पाण्याला आपटून न्यूट्रॉन उलटे फिरतात आणि आकडा फुगतो, हे नव्या लोकांना मीच शिकवतो. बाटली उचलून मी एवढंच म्हणालो, "परत मोज."

घाटकोपरला घरी आल्यावर बायकोने विचारलं, "अरे, बाटली तशीच भरलेली?"

मी तिच्यावरही खेकसलो.