दुसरा परीक्षक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत नोकरीची सगळी वर्षं काढली त्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — आणि पूर्ण सांगणार आहे. मध्येच थांबलो तर पुन्हा सुरू करणं जमायचं नाही.

सत्तरच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. आम्ही चार-पाच प्राध्यापक मिळून एक लहानसं विज्ञान नियतकालिक काढायचो. संपादक मी. त्याचे नियमही मीच लिहिलेले — आणि मला त्यांचा केवढा अभिमान! प्रत्येक लेख दोन परीक्षकांकडे जाणार, आणि परीक्षकांची नावं लेखकाला कधीच कळणार नाहीत. का? तर त्यांना भीड पडू नये, खरं बोलता यावं म्हणून. चांगला नियम होता. अजूनही चांगलाच आहे.

आमच्याच एका अंकात माझा लेख आला होता. साठवणीच्या तुरीत कडुनिंबाच्या पाल्याची भुकटी मिसळली की भुंगे मरतात, असा. लोकांना तो फार आवडला. केळझरला एका सभेत मला शाल-श्रीफळ मिळालं. पोरं मला ‘कडुनिंबवाले सर’ म्हणायला लागली. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

मग कुसुम भोयरचा लेख आला.

कुसुम माझी विद्यार्थिनी. सिंदी रेल्वे या गावची. तेव्हा समुद्रपूरच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागली होती. तिनं माझाच प्रयोग पुन्हा केला होता, फक्त थोडा पुढे नेऊन. काही बरण्यांत भुकटी न घालता नुसती तूर भरली आणि झाकण घट्ट लावलं. त्यातलेही भुंगे मेले. काही बरण्यांत भुकटी घातली, पण तोंडाला फडकं बांधलं. तिथले भुंगे मजेत जगले. म्हणजे मारत होती ती बंद बरणी. पाला नव्हेच.

माझ्या सगळ्याच बरण्या भुकटीच्या आणि झाकणबंद होत्या; ही तुलना मी केलीच नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरांना जी मी स्वतः शिकवायचो — ती.

लेख वाचून खाली ठेवला तेव्हा ती बरोबर आहे हे मला कळलं होतं. हे वाक्य पुसट लिहायचं नाही. मला कळलं होतं.

आपल्या कामाविरुद्ध लेख आला, तर संपादकानं बाजूला व्हावं — हाही नियम माझाच. मी बाजूला झालो नाही. पहिल्या परीक्षकानं ‘अवश्य छापावा’ असं कळवलं. दुसऱ्याकडे मी लेख पाठवलाच नाही. त्याचा अभिप्राय मीच लिहिला. माझे नेहमीचे शब्द टाळले, भाषा जरा कोरडी ठेवली. बरण्या कमी, नोंदी अपुऱ्या, निष्कर्ष घाईचा, छापू नये. नाव गुप्त ठेवायचा नियम होताच. त्याच्या आड मी आरामात बसलो.

कुसुम एसटीनं मला भेटायला आली. रागावली असेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती म्हणाली, “सर, त्यायचं म्हणणं बरोबरच असन. पण काय कमी पडलं, तेच मले समजून नाई राह्यलं. तुमी सांगा ना.”

मी काय केलं असेल? तिला बसवलं. चहा मागवला. आणि त्या परीक्षकाचं म्हणणं तिला समजावून सांगितलं! ती मान हलवत ऐकत होती.

तिनं पुढच्या हंगामात सगळं नव्यानं केलं. बरण्या वाढवल्या. तेच निघालं. दुसऱ्या परीक्षकानं पुन्हा नकार दिला. मग तिनं लेख पाठवणं बंद केलं, संशोधनही सोडलं, नुसतं शिकवत राहिली. मला तेव्हा लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं.

ऐंशीच्या दशकात बाहेरच्या एका नियतकालिकात हवाबंद भांड्यांबद्दल तेच छापून आलं. दुसऱ्याच कुणाच्या नावानं. कुसुम तो अंक घेऊन माझ्याकडे आली. वाटलं, आता ही जाब विचारणार. पण चेहरा तर फुललेला!

“सर, पाहा ना, माझं बरोबर होतं! त्या परीक्षकायले कळवसान काय? रागानं नाई म्हणत मी. त्यायनं मले लय मेहनत करायले लावली. त्यायलेबी बरं वाटन.”

मी म्हणालो, “कळवतो.”

पहिल्यांदा, तो अभिप्राय लिहिताना, मी घाबरलो होतो. पण त्या दिवशी कसली भीती होती? खोलीत आम्ही दोघंच. ‘तो मीच’ — एवढंच म्हणायचं होतं. मी ‘कळवतो’ म्हणालो, आणि ती समाधानानं बस पकडायला गेली.

कुसुम आता निवृत्त आहे, सिंदीलाच राहते. उद्या सकाळच्या गाडीनं मी तिच्याकडे जाणार आहे. हे तिनं छापलेलं वाचायच्या आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं. ती काय बोलेल, की काहीच बोलणार नाही, ते मी मनात रंगवत बसलेलो नाही. परत आलो की आमच्या नियतकालिकाच्या आताच्या संपादकांना सांगेन — माझा तो लेख मागे घ्या, आणि कारण असं छापा: प्रयोग चुकला होता. चूक कुसुम भोयर यांनी दाखवून दिली होती. लेखकानं ती दाबली.