जाहिरातींचे फोन बंद करावेत का?

लोकांना जाहिरातींचा किती ताप होतो, हे विचारायला लोकांना फोन करून आणखी ताप द्यायचा, हे ताईंचं काम. लोकांची मतं गोळा करणाऱ्या कंपनीच्या लांबलचक खोलीत, प्लायवूडच्या आडोशाला, हेडफोन लावून त्या वर्षानुवर्षं बसत आल्या होत्या. "माझा नंबर दिला कुणी तुम्हाला?" म्हणत लोक अंगावर येत. त्यात लोकांचं तरी काय चुकत होतं म्हणा! घरी जाईपर्यंत ताईंच्या तोंडात शब्द उरत नसे. नवऱ्याशीसुद्धा त्या मानेनंच बोलत.

कामाचे नियम कडक. प्रश्न छापल्याप्रमाणे, एकाच सुरात वाचायचा, आणि ओळखीचं कुणी निघालं तर फोन ठेवायचा. नंबर मशीनच लावी. लोकांची माहिती गुप्त राहावी म्हणून तो पडद्यावरही दिसत नसे.

त्या दुपारी पलीकडून आवाज आला, "हां, बोला बोला!" ताईंनी आवाज लगेच ओळखला. त्यांचे वडील! आई गेल्यापासून ते एकटेच राहत. त्यांना फोन करायचं ताई रोज उद्यावर ढकलत होत्या.

फोन ठेवायला हवा होता. पण सवयीच्या जिभेनं प्रश्न वाचून टाकला, आणि त्या सपाट सुरात बापाला लेक काही ओळखू आली नाही.

"तुमची माहिती परक्यांच्या हाती जाते, याची काळजी वाटते का?"

"माझ्याकडे आहे काय न्यायला? गुडघे न्या म्हणावं!"

"जाहिरातींचे फोन कायद्याने बंद करावेत का?"

"छे छे, नका हो बंद करू. दुपारचे तेवढेच तर फोन येतात. परवा एकीनं विमा घ्या म्हणून गळ घातली. घेतला नाही, पण गप्पा छान झाल्या."

ताईंनी छापील कागद सोडला, सूर मात्र तोच ठेवला. "घरचं कुणी फोन करत नाही?"

"लेक आहे ना. पण तीही तुमच्यासारखी दिवसभर फोनवर. बोलून बोलून मेटाकुटीला येते बिचारी, म्हणून मीच करत नाही. तुमचाही आवाज दमलाय, बाई. पाणी प्या जरा."

ताईंनी 'बंद करू नयेत' यावर खूण केली, आभाराचं वाक्य कसंबसं वाचलं आणि जिन्यात जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून वडिलांना फोन लावला.

"काय गं? काय झालं?" ते घाबरून म्हणाले. "जावईबापू बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत, बाबा. सहज केला."

"सहज?" त्यांना ते काही केल्या पटेना. "खरं सांग, पोरी. कुणाला काय झालंय?"