माइकचा स्टँड आणि नाक वर करणारी बाई

"ऑपरेटर, त्या बाईचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून गाणे नामदेव म्हणन."

मॅनेजर मोतीरामजी हे म्हणाले तेव्हा मी बांबूवर भोंगा बांधत होतो. आसगावची मंडई होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव भरणारी जत्रा. दुकानं, पाळणे, आणि दुपारी स्टेजवर नाटकातली गाणी. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लाखनीला माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं, आणि मोतीरामजींच्या नाटक पार्टीचं साउंड माझ्याकडं होतं.

शारदा ही पार्टीतली पहिली बाई गायिका. त्याआधी बायकांची गाणी नामदेव लुगडं नेसून म्हणायचा. शारदाची म्हातारी आई तिच्याच भरवशावर. मोसमाच्या मध्येच काढलेल्या बाईला दुसरी पार्टी घेत नसे. म्हणजे पुन्हा लोकांच्या बांधीत, धानाच्या शेतात, मजुरीला जाणं आलं.

"काहून? झालं काय?" मी विचारलं.

"लोकं बोंबलून राहिले. आवाज चिरका आहे म्हणतेत. अन् घमंडी आहे, नाक वर करून गाते."

खोटं कायला बोलू, मलाही तसंच वाटायचं. पण 'चिरका' हा शब्द आमच्या धंद्यातला. भोंगा चिरका वाजला तर शिव्या ऑपरेटरला पडतात. इथं बाईला कशा पडल्या?

मी एम्प्लिफायर पाहिला. ट्रेबलचं बटण पार शेवटाला. ट्रेबल म्हणजे आवाजातला बारीक, टोकदार भाग. गड्यांचा आवाज भोंग्यात घुमतो, म्हणून मीच ते चढवून ठेवायचो. नामदेव कितीही बारीक गायला तरी गळा गड्याचाच. बाई आल्यावर बटण उतरवायचं मला सुचलंच नाही. हात् तिच्या!

राहिलं नाक. सकाळची टेस्टिंग चालू होती, शारदा गात होती. मी स्टेजसमोर जाऊन उभा राहिलो. माइकचा स्टँड नामदेवच्या उंचीला. नामदेव सहा फूट, शारदा पाचालाही कमी. स्टँडचा स्क्रू गंजून बसलेला. दोन मोसम मी तेल घालीन म्हणत होतो. बाई मान वर करून गात होती, कारण माइक वर होता.

"बाई, सांगतलं काहून नाही?"

"पहिल्याच दिवशी सांगतलं ना भाऊ. तुमी म्हणाले, ॲडजस्ट करा."

म्हणालो होतो. मला फार लाज वाटली.

घासलेट ओतलं, पान्ह्यानं ठोकून ठोकून स्क्रू सोडवला. स्टँड हातभर खाली आला. ट्रेबल अर्ध्यावर आणला. दुपारी शारदा गायली आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. अरे बाप्पा! हा गळा मी पंधरा दिवस खराब करत होतो.

गाणं संपल्यावर मोतीरामजी आले. मी खुशीत विचारलं, "आता?"

"चिरका कोणी नाही म्हणत. पण आता म्हणून राहिले, लोकाईच्या डोळ्यात डोळे घालून गाते. बेशरम आहे."

"मोतीरामजी, याचं बटण माझ्या मशीनवर नाही."

पण मला चैन पडेना. लोकांना खुपतं काय, ते तरी कळू दे. मंडईत हिंडलो, भेटेल त्याला विचारलं. एक म्हणाला, कुंकू लय मोठं लावते. दुसरा म्हणाला, नवरा काहून सोडला तिनं? तिसऱ्याला तिचं हसणं आवडलं नव्हतं. गाण्याचं कोणी नावच घेईना. शेवटी शिंगाडे विकणारी एक म्हातारी म्हणाली, "दुसरं कडवं लय लांबवते बावा. मले तं झोप आली."

दिवसभरात गाणं ऐकलेली ती एकटीच भेटली.

परत आलो तर शारदा पेटीत लुगडी भरत होती. डोळे लाल. नामदेव बिडी ओढत बसलेला.

"नामदेव, उद्यापासून तू," मोतीरामजी म्हणाले.

"मी नाही गात."

"कायले?"

"मी लुगडं नेसून पब्लिकले डोळा मारतो तं वन्समोर भेटते. ते बाई असून नुसती पाहते तं बेशरम? कुठला न्याय हो हा?"

मोतीरामजी टोपी काढून डोकं खाजवू लागले. मग माझ्याकडं वळले, "तुले काय भेटलं बावा, एवढा हिंडला तं?"

मी म्हातारीची तक्रार सांगितली. शारदा पेटीवरून उठली. "हव, लांबवते मी. वरचा सूर लागत नाही तिथं, श्वास पुरत नाही, म्हणून खालच्या सुरातच घोळवत राहते."

मोतीरामजींनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मंग कडवं कापा. बाई राहू द्या."

शारदा मोसमभर गायली. बेशरम म्हणणारे कमी झाले नाहीत. दर मंडईला येत, आणि जागा धरून पुढच्या रांगेत बसत. बाईचं गाणं न आवडणारा प्रत्येक जण बायकांचा वैरी असतो, असं मी म्हणत नाही. म्हातारीलाही आवडलं नव्हतंच. पण तेव्हापासून तक्रार आली की मी एवढंच विचारतो, गाण्यात कुठं? ज्याला जागा सांगता येते त्याच्यासाठी बटण फिरवतो. बाकीच्यांना चहा पाजतो.