पूजेनंतरची शर्यत
खंडेनवमीला आमच्याकडे अवजारं पुजतात आणि त्या दिवशी ती चालवत नाहीत. आईनं ट्रॅक्टरबरोबर माझ्या कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डचा नवा ड्रायव्हर डाउनलोड होऊनही मी दिवसभर चरफडत बसलो. दसऱ्याच्या सकाळी पहिलं काम म्हणून तो टाकला. परवापर्यंत चिखलातल्या बैलगाडीसारखा अडकणारा कारच्या शर्यतीचा गेम काय सुसाट पळाला! मी ओरडलोच.

"पूजेचा गुण आला," बाबा म्हणाले. मी वाद घालायच्या आत ते माझ्या खुर्चीत बसून खेळायलाही लागले. आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस; गाडी डाव्या कडेनं सावकाश नेत सगळ्यांना पुढं जाऊ देत होता.

"बाबा, शर्यत हाय ते!"

"जाऊ दे बे त्याईले. आपल्याले कायची घाई हाय?"