दोघींनीही येऊ नये

"आमचं मंडळ राजकारणात पडत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ठणकावून बोलले आहे की आता दुसऱ्या कोणी म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. मोठी आली न पडणारी.

प्रताप नगरातल्या आम्ही दहा-बारा बायका. रामदासपेठेतल्या दवाखान्यांत पेशंट आत असतो आणि सोबत आलेली माणसं बाहेर फुटपाथवर उपाशी बसलेली असतात. त्यांना रोज संध्याकाळी खिचडी वाढायची, एवढंच आमचं काम. वाढताना समोरच्याला एकच विचारायचं, किती जणांचं? आडनाव नाही, गाव नाही. ही पद्धत माझ्या मैत्रिणीनं पाडली. तिचं माहेर इतवारीतलं, विणकरांचं. घरचे माग बंद पडल्यावर ती शिवणकामावर जगली. मी शाळेत शिकवलेलं, चार शब्द बोलता यायचे, म्हणून अध्यक्ष झाले. खरं मंडळ तिच्या हातातल्या डावावर चालायचं.

निवडणुकीचे दिवस आले आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप नासला. सकाळी देवाचे फोटो टाकणाऱ्या बायका दुपारी एकमेकींना देशद्रोही आणि अंधभक्त म्हणू लागल्या. त्यातच एक नवी बाई रजिस्टर घेऊन आली. तिचा नवरा एका पक्षाच्या उमेदवाराच्या कार्यालयात ऊठबस करणारा. ती म्हणाली, "साहेब गाडी देऊन राहिले, फक्त जेवणाऱ्यांची नावं लिहून पाहिजेत." मैत्रीण म्हणाली, नको. मी म्हटलं, नाव लिहिल्यानं काय होतं? खिचडीचे गंज, ती जड पातेली, रिक्षातून नेऊन कंबर मोडली होती, हे मी स्वतःलाही सांगितलं नाही.

आठवड्याच्या आत जे व्हायचं ते झालं. एका माणसानं आपलं नाव सांगितलं. त्याची बायको आत आयसीयूत होती. नव्या बाईनं नाव लिहिलं, त्याच्या दाढीकडे पाहिलं आणि गंजावर झाकण ठेवलं. "संपली." गंज अर्धा भरलेला होता, मी शेजारीच उभी होते.

मैत्रिणीनं झाकण काढलं, त्याला दोघांपुरतं वाढलं आणि मग वळून सगळ्यांदेखत म्हणाली, "आडनावाले भूक लागते का वं? तू घरी जाय."

कोणीतरी व्हिडिओ काढला. तासाभरात तो सगळीकडे फिरला. ग्रुपमधल्या अर्ध्या बायका म्हणाल्या, मैत्रिणीला काढा. अर्ध्या म्हणाल्या, नवीला काढा. साहेबांच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, तुमचं मंडळ नेमकं कोणत्या बाजूचं?" माझी पाचावर धारण बसली. मी ग्रुपवर लिहिलं, "आपली संस्था राजकारणापासून दूर आहे. झाल्या प्रकाराबद्दल दोघींनीही काही दिवस सेवेला येऊ नये."

दोघींनीही. केवढी न्यायी बाई मी! एकीनं भुकेल्याला हाकललं, दुसरीनं त्याला वाढलं, आणि मी दोघींना एकाच मापानं मोजलं. त्यावर सात-आठ जोडलेले हात आले. कोणीतरी 'संतुलित नेतृत्व' असंही लिहिलं. मला बरं वाटलं, हे सांगताना आज लाज वाटते.

नवी बाई पंधरा दिवसांत गाडी घेऊन परत आली. गाडीवर साहेबांचा फोटो. कोणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण बोलले असते तर ते राजकारण झालं असतं ना.

मैत्रीण मात्र आली नाही. महिन्यानं मीच तिच्या घरी गेले. ती ब्लाउजला हुक लावत होती. चहा केला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. शेवटी मीच म्हटलं, "चल ना वं आता, किती दिवस रुसून राहशील?"

"मी रुसली नाही," ती म्हणाली. "माझी सून मले विचारते, आई, तुम्ही असं काय केलं की तुम्हाले काढलं? मी काय सांगू तिले? तू ग्रुपवर लिही, की माझं काही चुकलं नव्हतं. तेवढं एक वाक्य. उद्या संध्याकाळी येतो मी."

मी म्हटलं, आजच लिहिते.

घरी येऊन लिहिलंही. पाठवताना वाटलं, मतदान होऊन जाऊ दे. मग वाटलं, निकाल लागू दे. निकाल लागला, साहेब निवडून आले, त्यांनी मंडळाचा सत्कार ठेवला. शाल घ्यायला स्टेजवर मी गेले. ते वाक्य अजून माझ्या फोनमध्ये तसंच लिहिलेलं आहे, आणि ती अजून घरीच आहे.