भैरोबाच्या दीपमाळेत अडकलेला नांगर

नांगर निघत नव्हता. मी पाय रेटून दोर ओढला. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्याकडे वाकली, पण खाली काही हललं नाही. मागे पाहुण्यांची जेवणं आटोपली होती आणि कुणीतरी ग्रामोफोनला पुन्हा चावी देत होतं.

लोणावळ्याच्या मागे डोंगरात एका धरणावर मी तेव्हा लाँच चालवत असे. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. कोकणातल्या बंदरांत आगबोटीवर काम केलेलं, म्हणून धरणाच्या कंपनीने मला ठेवून घेतलं. एरवी काम इन्स्पेक्शनचं. सुट्टीच्या दिवशी मात्र आमचे इंजिनिअर दातारसाहेब मुंबईचे पाहुणे घेऊन येत आणि इन्स्पेक्शनची लाँच सहलीची होई.

धरणाच्या पाण्याची एक अरुंद बगल दोन टेकड्यांमध्ये शिरली होती. आम्ही तिला खाडी म्हणत असू. तिथे सहसा वारा लागत नसे. तळ गाळाचा. नांगराला असाच तळ लागतो, त्याचे दात गाळात रुततात. पाण्याच्या खोलीच्या चारपाच पट दोर सोडायचा, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर घट्ट धरतो. मी सगळं रीतसर केलं होतं. नांगराने धरलंही लगेच. मला बरं वाटलं होतं.

काठावर काही माणसं उभी होती. बायकांच्या हातांत झाकलेली ताटं होती. लाँच आली की बघायला माणसं जमतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

नांगर अडकला तर सोडवायची एक रीत असते. दोर आखडत बोट नांगराच्या बरोबर डोक्यावर आणायची आणि मग उलट्या दिशेने इंजिनाने ओढायचं. तसं केलं. दोर ताठ झाला, लाँच थरथरली, आणि खाली काहीतरी जड किंचित सरकल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात काठावर एकच ओरडा झाला. एक म्हातारा धोतरासकट कमरेइतक्या पाण्यात शिरला.

"भाऊ, थांबा! नगा वडू! खाली दीपमाळ हाय!"

मी इंजिन मंद केलं. "कसली दीपमाळ?"

"भैरोबाची. देऊळ हितंच हाय, तुमच्या खाली. आज देवाचा उरूस. आमी निवद घिऊन आलोय. तुमी कवा निघताय त्याची वाट बघतोय."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सायब लोक जेवत व्हते न्हवं," म्हातारा म्हणाला.

मला त्याच्याकडे बघवेना. सकाळपासून ती माणसं उन्हात ताटं धरून उभी होती आणि त्यांच्या देवाच्या डोक्यावर आमचा ग्रामोफोन वाजत होता.

दातारसाहेब पुढे आले. "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं. पाहुण्यांत कुणीतरी हसलं.

"इतकी वर्षं पाण्यात आहे ना देव? मग आता काय बिघडतंय! इंजिन फुल सोडा. मंडळींना मुंबईची गाडी गाठायची आहे."

"इंजिन झेपणार नाही, साहेब," मी म्हणालो. "शाफ्ट मोडेल. दोर कापावा लागेल."

शाफ्टला काहीही होणार नव्हतं. गावाची दीपमाळ मोडेल, असं मी म्हणालो नाही. म्हातारा ऐकत होता.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली. मी दोर कापला. दुपारनंतर घाटाकडून येणारा वारा नेमका त्या वेळी खाडीत वळला. मी नाळेवरून इंजिनापाशी पोचेपर्यंत लाँच काठाच्या गाळात जाऊन बसली. रिव्हर्स टाकला तर नुसता चिखल उडाला.

पाहुण्यांच्या पायांत पांढरे बूट होते. साहेब काठाकडे बघून ओरडले, "अरे, बघताय काय? या इकडे, उतरवा यांना!"

ते आले. ताटं बायकांकडे राहिली, गडी गुडघाभर चिखलातून आले आणि एकेका पाहुण्याला पाठुंगळी घेऊन गेले. मीच एकेकाला त्यांच्या पाठीवर चढवत होतो. म्हाताऱ्याचं नाव गेनूआबा. साहेबांना त्यानेच नेलं. मग सगळ्यांनी खांदा लावून लाँच गाळातून ढकलून दिली.

निवद पाण्यात सोडून झाल्यावर आबाने पाहुण्यांना आंब्याखाली बसवलं. "देवाच्या दिशी कुणी परसादाबिगर जात न्हाई," म्हणाला. बायकांनी पुरणपोळ्या वाढल्या. मुंबईच्या एका बाईंनी सहज विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

आबाने पाण्याकडे बोट केलं. "ह्येच की. आता आमी कामशेतच्या अंगाला ऱ्हातो. त्या तितं, बोटीच्या मागं, माझं घर व्हतं."

साहेब बुटाचा चिखल काडीने काढत बसले.

कंपनीने नवा नांगर पाठवला. पुढे मी त्या खाडीत लाँच नेली नाही. साहेबांनी विचारलं की सांगायचो, तिथे गाळ फार वाढलाय. ते लगेच ऐकत. गाव खाली आहे, हे कारण मी एकदाही दिलं नाही. नोकरीत एवढं शिकलो, की खोटं कारण चटकन मंजूर होतं.