दिसायला सारखेच

अमरावतीच्या त्या कार्यालयातले बडेबाबू खुर्ची द्यायच्या आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग मामांचं आडनाव. तेवढ्यावर माणसाची पोटजात अचूक सांगतात. मला तर दर खेपेला नव्याने विचारतात.

या खेपेला मी, बुजवायला काढलेल्या एका तळ्यातल्या बेडकांसाठी गेलो होतो; परवानगीची फाइल बडेबाबूंकडेच होती. म्हटलं, "दिसतात नेहमीसारखेच, पण आवाज वेगळा, इतरांशी जोडीही जमत नाही. ही प्रजातीच वेगळी आहे. तळं बुजवलं की संपली."

"भाऊ, आमच्या अकोल्याच्या नालीतबी हेच बेडकं हायेत. सारखे दिसते मंजे एकच."

तेवढ्यात त्यांना घरून फोन आला, मुलीच्या स्थळाचा.

"पोरगं चांगलं हाये, मी कुठं नाई म्हनून राहिलो? पन ते लोक येगळे. दिसाले सारखेच, पन आपल्यातले नाईत."

फोन ठेवून त्यांनी तळं बुजवायच्या परवानगीवर शिक्का मारला.